विद्यार्थ्यांची क्षेत्र-सर्वेक्षणे आणि नमुन्याच्या आकाराचा प्रश्न : धाड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

पदवी स्तरावरील भूगोलाच्या प्रात्यक्षिकात ग्राम सर्वेक्षण हा घटक दीर्घकाळापासून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांनंतर पर्यावरण अभ्यास हा विषय पदवी अभ्यासक्रमात अनिवार्य झाला आणि क्षेत्रकार्याचा प्रकल्प सर्व विद्याशाखांच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये जी श्रेयांक रचना स्वीकारली तीत ‘क्षेत्र प्रकल्प’ हा स्वतंत्र घटक आहे. त्यामुळे प्रश्नावली हाती घेऊन गावात उतरणारा विद्यार्थी आता केवळ भूगोल विभागाचा राहिलेला नाही. तथापि या सर्व प्रकल्पांच्या मौखिक परीक्षेत विचारला जाणारा पहिला प्रश्न मात्र बदललेला नाही. ‘नमुना किती घेतला?’ हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येते, म्हणून तो विचारणे सोयीचे आहे. पन्नास म्हटले तर परीक्षकाची भुवई उंचावते, दोनशे म्हटले तर मान डोलते. नमुना कोणत्या यादीतून निवडला, किती घरांना कुलूप होते, किती जणांनी उत्तर देण्यास नकार दिला, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात नमुन्याच्या आकाराविषयी महाविद्यालयांत रूढ असलेल्या संकेतांची चिकित्सा केली आहे. विवेचनासाठी बुलढाणा तालुक्यातील धाड या गावाचा आणि त्याच्या परिसराचा संदर्भ घेतला आहे. धाड हे जालना जिल्ह्याच्या सीमेलगतचे, बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या मार्गावरील मोठे गाव आहे. शेतीवर चालणारे, आजूबाजूच्या खेड्यांची ये-जा असलेले, जुने गावठाण आणि रस्त्याकाठची नवी वस्ती या दोहोंत वाढलेले असे हे गाव असल्याने ग्रामीण सर्वेक्षणातील बहुतेक अडचणी येथे एकत्र भेटतात.

तीस, दहा टक्के आणि तक्ता

नमुन्याच्या आकाराविषयी तीन संकेत प्रचलित आहेत. पहिला संकेत तीसचा. किमान तीस उत्तरदाते असले की नमुना ‘मोठा’ होतो, असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. या आकड्याचा उगम सरासरीच्या वितरणाशी आहे. नमुना साधारण तीसच्या पुढे गेला की सरासरीचे वितरण पुष्कळ वेळा प्रसामान्य वितरणाच्या जवळ येते, आणि टी-कोष्टकातील मूल्येही प्रसामान्य वितरणाच्या मूल्यांजवळ सरकतात. तीस कुटुंबे गावाचे प्रतिनिधित्व करतात, असा अर्थ त्यातून मुळीच निघत नाही. लहान नमुन्यांचे हे गणित १९०८ मध्ये मांडणारा विल्यम गॉसेट मद्यनिर्मितीच्या कारखान्यात नोकरीस होता आणि त्याने आपला निबंध ‘स्टुडंट’ म्हणजे ‘विद्यार्थी’ या टोपणनावाने प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांवर लादल्या गेलेल्या या आकड्याचा इतिहास पाहता हा योगायोग मौजेचा वाटतो. प्रत्यक्षात, तीस कुटुंबांच्या यादृच्छिक नमुन्यात निम्म्या कुटुंबांकडे विहीर आढळली, तर ९५ टक्के विश्वास पातळीवर त्रुटीची मर्यादा दोन्ही बाजूंना सुमारे १८ टक्के इतकी येते. म्हणजे गावातील खरे प्रमाण ३२ टक्के असू शकते किंवा ६८ टक्केही असू शकते. एवढ्या रुंद पट्ट्यावर ‘निम्मे शेतकरी विहिरीवर अवलंबून आहेत’ असे विधान उभे करणे धाडसाचे आहे.

दुसरा संकेत दहा टक्क्यांचा. तो दोन्ही टोकांना फसतो. दोनशे कुटुंबांच्या वाडीतून दहा टक्के म्हणजे वीस कुटुंबे घेतली, तर त्रुटीची मर्यादा सुमारे २१ टक्के राहते. उलट चाळीस हजार कुटुंबांच्या क्षेत्रातून दहा टक्के म्हणजे चार हजार कुटुंबे घ्यावी लागतील. एवढी कुणाही विद्यार्थ्याला घेता येणार नाहीत आणि घेण्याची गरजही नाही. अचूकता ही प्रामुख्याने नमुन्यातील घटकांच्या संख्येवर ठरते. तो नमुना समग्राचा कितवा हिस्सा आहे, याला समग्र फार लहान असेल तेव्हाच महत्त्व येते. ही गोष्ट संख्याशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक ग्रंथात आढळते. तरीही टक्केवारीचा संकेत टिकून आहे, कारण तो न्याय्य ‘वाटतो’.

तिसरा संकेत तक्त्याचा. क्रेजी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला तक्ता, किंवा यामाने यांचे सूत्र, आज जवळपास प्रत्येक प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात दिसते. या तक्त्यानुसार २०० च्या समग्रासाठी १३२, २,००० साठी ३२२, ४०,००० साठी ३८० आणि एक लाखासाठी ३८४ असा नमुना हवा. यामाने यांच्या सूत्राने २,००० कुटुंबांसाठी पाच टक्के त्रुटी धरल्यास ३३३ हा आकडा येतो, दहा टक्के त्रुटी धरल्यास केवळ ९५. येथे थांबून पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. त्रुटी पाच टक्के असावी की दहा, हा निर्णय तक्ता करीत नाही. तो अभ्यासकाने करायचा असतो, आणि तो प्रश्नाच्या स्वरूपावरून करायचा असतो. परंतु प्रकल्पांत पाच टक्के ही मर्यादा जणू निसर्गनियम असल्याप्रमाणे उतरवून घेतली जाते. शिवाय हा तक्ता साध्या यादृच्छिक निवडीसाठी आहे. समग्राची पूर्ण यादी हाती आहे, तीतून चिठ्ठी पडेल त्याच घरी विद्यार्थी गेला आणि तेथे उत्तर मिळाले, असे सर्व त्यात गृहीत आहे. यांपैकी एकही गोष्ट घडलेली नसताना केवळ ३२२ हा आकडा गाठल्याने तक्त्याचे आश्वासन लागू होत नाही.

संख्या वाढविल्याने न जाणारी चूक

नमुन्यामुळे होणाऱ्या चुका दोन जातींच्या असतात. एक चूक योगायोगाची असते. ती नमुना वाढविला की कमी होते, मात्र सावकाश. शंभर उत्तरदात्यांवर सुमारे दहा टक्के असलेली त्रुटी पाच टक्क्यांवर आणायची तर उत्तरदाते चारशे लागतात, म्हणजे श्रम चौपट आणि लाभ दुप्पट. दुसरी चूक एकाच बाजूला झुकणारी असते. तिला संख्याशास्त्रात अभिनती म्हणतात, आणि नमुना कितीही वाढविला तरी ती जागची हलत नाही.

याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाचे आहे. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी या नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठविल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने विजयी झाले. दूरध्वनी व मोटारगाड्या असलेल्यांच्या याद्यांतून नावे घेतलेली, आणि ज्यांना पाठवावेसे वाटले त्यांनीच उत्तरे पाठविलेली. कितीतरी लहान नमुन्यावर काम करणाऱ्या गॅलप यांचे भाकीत मात्र बरोबर ठरले. २०२० नंतर व्हॉट्सॲप समूहांवर गुगल फॉर्म फिरवून सायंकाळपर्यंत तीनशे प्रतिसाद मिळविण्याची जी पद्धत महाविद्यालयांत रुळली आहे, तिच्यात याहून वेगळे काही घडत नाही. ‘ग्रामीण भागातील पाणीटंचाई’ या विषयावर मोबाइल असलेल्या, समूहात असलेल्या आणि फॉर्म भरण्याची सवड असलेल्या तरुणांची मते त्यात गोळा होतात. ज्या बाईला हंडा घेऊन चालावे लागते ती त्यात नसते.

याहून जवळचे, आणि भूगोलाच्या अध्यापकांना अधिक उपयोगी पडणारे उदाहरण शेतीतील आहे. १९४० च्या दशकात भारतात पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज नमुना पद्धतीने काढण्याचे प्रयत्न सुरू होते. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी पुष्कळ परंतु अगदी लहान आकाराचे कापणी-तुकडे घेतले. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवून दिले की, तुकडा फार लहान असेल तर सीमेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्नाचा अंदाज नेमाने फुगतो. असे तुकडे हजारांनी घेतले तरी फुगवटा तसाच राहणार. वि. गो. पानसे यांनी कापसाच्या उत्पन्नाबाबत केलेले कामही याच परंपरेतील होय. हा वाद किती तुकडे घ्यावेत याविषयीचा नव्हता. तुकडा कसा आखावा आणि सीमा कशी धरावी, याविषयीचा होता.

या वादाचा वारसा आजही शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचतो. १९९९-२००० च्या रब्बी हंगामापासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी विमा योजनेत अधिसूचित क्षेत्र तालुका असेल तर एका पिकासाठी किमान १६, आणि मंडळ असेल तर किमान १० पीककापणी प्रयोग ठरविले होते. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून पीकविम्याची नुकसानभरपाई प्रामुख्याने कापणी प्रयोगांतून ठरणाऱ्या उत्पन्नाशी जोडली गेली. म्हणजे एका मंडळातील अनेक गावांच्या सोयाबीनचे भवितव्य मूठभर तुकड्यांवर तोलले जाते. गाव, गट क्रमांक आणि शेतातील जागा ही सर्व यादृच्छिक संख्यांनी ठरविली जावी, शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून मोजून तुकडा आखावा, असा दंडक आहे. तो पाळला गेला तर दहा तुकडेही बरेच काही सांगतात. तुकडा रस्त्यालगतच्या, ओलिताच्या, अधिकाऱ्याला सोयीच्या वावरात पडला तर शंभरही व्यर्थ. शेतकऱ्यांची या प्रयोगांविषयीची तक्रार बहुधा ‘किती’ अशी नसते, ‘कोणाच्या वावरात’ अशी असते. नमुना निवडीचे तत्त्व विद्यार्थ्याला शिकविण्यासाठी याहून चांगला धडा पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण.

यादी कोणती, आणि घर म्हणजे काय

नमुना ज्या यादीतून निवडायचा त्या यादीस नमुना चौकट म्हणतात. विद्यार्थ्यांच्या अहवालांत तिचा उल्लेख सहसा नसतो. ‘यादृच्छिक पद्धतीने ५० कुटुंबे निवडली’ असे एक वाक्य असते आणि त्याचा व्यवहारातील अर्थ ‘वाटेत भेटली ती ५० कुटुंबे’ असा असतो. धाडसारख्या गावात विद्यार्थ्याला कोणत्या याद्या मिळू शकतात, याचा विचार केल्यास प्रश्नाची गुंतागुंत ध्यानात येते.

ग्रामपंचायतीकडे कर आकारणीची नोंदवही, म्हणजे नमुना ८, असते. तीत मालमत्ता असतात, कुटुंबे नसतात. एका घरात तीन भावांच्या तीन चुली असल्या तरी नोंद एकच असू शकते, आणि बंद दुकान, गोठा यांचीही नोंद असते. मतदार यादीत प्रौढ व्यक्ती असतात, पण नांदायला गेलेल्या मुलींची आणि शहरात स्थायिक झालेल्या मुलांची नावे त्यात वर्षानुवर्षे राहतात. महसुली दप्तरातील गाव नमुना ८-अ ही खातेदारांची यादी शेतीविषयक सर्वेक्षणासाठी आकर्षक वाटते. मात्र तिच्यात भूमिहीन मजूर नाहीत, सालदार नाहीत, मक्त्याने किंवा बटईने वावर करणारा नाही. उलट, गावात न राहणारा खातेदार आहे. एकाच कुटुंबात तीन खाती असतील तर त्या कुटुंबाची निवड होण्याची शक्यता तिप्पट होते. अंगणवाडी सेविकेची कुटुंब सर्वेक्षण नोंदवही ही चुलीच्या सर्वांत जवळ जाणारी यादी होय. परंतु महाविद्यालयांतून तिच्याकडे फारसे कोणी जात नाही. जनगणनेची गावनिहाय आकडेवारी २०११ ची आहे, आणि २०२१ ची गणना वेळेवर न झाल्याने पंधरा वर्षांपूर्वीच्या कुटुंबसंख्येवर तक्ते लावले जातात. ज्या समग्राची संख्याच जुनी आहे त्याच्यासाठी ३२२ की ३३३ यावर घातलेला काथ्याकूट व्यर्थ आहे.

यादीप्रमाणेच काळही निवड करीत असतो. प्रकल्प सादर करण्याची तारीख जवळ आली की हिवाळ्यात किंवा हिवाळा सरता सरता सर्वेक्षण उरकण्याकडे विभागांचा कल असतो. नेमक्या त्याच महिन्यांत ऊसतोडणीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची घरे बंद असतात. दुपारी गेले तर वावरात काम करणारे स्त्री-पुरुष भेटत नाहीत. भेटतात ते वृद्ध, शाळकरी मुले आणि दुकानदार. बंद घराच्या जागी शेजारचे उघडे घर घेतले की संख्या पूर्ण होते, आणि स्थलांतर करणारा वर्ग अहवालातून नाहीसा होतो. ‘गावातील स्थलांतराचे प्रमाण अल्प आहे’ असा निष्कर्ष मग कुलूपबंद दारांसमोरून चालत जाऊन काढला जातो.

जवळच्या गोष्टी आणि एकाच गल्लीतील शंभर घरे

भूगोलाचा अभ्यासक या प्रश्नाकडे संख्याशास्त्रज्ञापेक्षा वेगळ्या वाटेने येऊ शकतो. सर्व गोष्टी एकमेकींशी संबंधित असतात, परंतु जवळच्या गोष्टी दूरच्या गोष्टींपेक्षा अधिक संबंधित असतात, असे वॉल्डो टोबलर यांनी १९७० मध्ये मांडले. भूगोलाचा पहिला नियम म्हणून तो प्रत्येक वर्गात शिकविला जातो, आणि सर्वेक्षणाला निघताना विसरला जातो. गावातील वस्ती जात, व्यवसाय, घरकुल योजना आणि रस्ता यांनुसार गल्ल्यांत विभागलेली असते. एका गल्लीतील पहिल्या पाच घरांनी जे सांगितले तेच पुढच्या वीस घरांनी थोड्याफार फरकाने सांगितले, तर ती वीस घरे नवी माहिती देत नाहीत.

हे आकड्यांत मांडता येते. एकाच गल्लीतील घरांमधील साम्य मध्यम आहे, म्हणजे अंतर्गत सहसंबंध ०.१ आहे असे धरू. चार गल्ल्यांतून प्रत्येकी २५ याप्रमाणे शंभर घरे घेतली तर त्यांचे मोल साध्या यादृच्छिक निवडीच्या सुमारे २९ घरांइतके उरते. तीच शंभर घरे वीस गल्ल्यांतून प्रत्येकी पाच अशी घेतली तर मोल सुमारे ७१ घरांइतके होते. श्रमात फरक थोडा, चालणे जास्त. १९५० मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण एकेका गावातून थोडी कुटुंबे आणि गावे मात्र पुष्कळ घेते, त्यामागचे कारण हेच होय.

जिल्हा पातळीवरील प्रकल्पांत याच तत्त्वाचा दुसरा पैलू पुढे येतो. बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके लोकव्यवहारात ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ असे विभागले जातात, आणि ही विभागणी केवळ बोलण्यापुरती नाही. घाटावर अजिंठा डोंगररांगेच्या बेसाल्टी पठाराची उथळ ते मध्यम खोलीची जमीन आहे, पैनगंगेचा उगमही येथेच होतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील खोल गाळाची जमीन आणि खारपाणपट्टा आहे. संपूर्ण जिल्ह्यातून तीस विहिरींचे पाणी तपासून क्षारतेची एक सरासरी काढली, तर ती सरासरी धाडच्या विहिरीलाही लागू पडत नाही आणि संग्रामपूरच्या विहिरीलाही नाही. येथे तीसच्या जागी तीनशे विहिरी घेतल्या तरी ती सरासरी निरर्थकच राहील, फक्त अधिक काटेकोरपणे निरर्थक. आधी दोन स्तर वेगळे करून प्रत्येकी पंधरा विहिरी घेणारा विद्यार्थी त्या तीनशेवाल्यापेक्षा जिल्ह्याविषयी अधिक सांगू शकतो. मृद आरोग्य पत्रिका योजनेत २०१५ पासून बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरला आणि कोरडवाहू क्षेत्रात दहा हेक्टरला एक मातीनमुना असे जाळे ठरविले गेले. जमिनीवरील बदल जेथे दाट तेथे नमुने दाट, हाच विचार त्यात आहे.

कोष्टकातील रिकामी घरे

नमुन्याचा आकार अखेरीस ज्या ठिकाणी खरोखर कमी पडतो ते ठिकाण म्हणजे विश्लेषणाचे प्रकरण. पन्नास उत्तरदाते, जमीनधारणेचे पाच गट आणि शिक्षणाचे चार स्तर घेतले की कोष्टकात वीस घरे होतात, आणि एका घरात सरासरी अडीच माणसे येतात. त्यावर काय-वर्ग कसोटी लावली जाते. अपेक्षित वारंवारता बहुतेक घरांत पाचाहून कमी असताना ही कसोटी विश्वसनीय राहत नाही, हे ती शिकविणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी ‘परिकल्पना स्वीकारण्यात आली’ हे वाक्य छापले जाते. पदवीच्या प्रकल्पातील ही सवय पुढे प्रबंधात, आणि तेथून संशोधनपत्रिकांत जाते, म्हणून ती क्षुल्लक मानता येत नाही.

वास्तविक आकाराचा निर्णय येथूनच उलट दिशेने घ्यावयास हवा. अहवालात कोणते कोष्टक द्यायचे आहे ते आधी ठरवावे, त्यातील सर्वांत लहान गटात किमान किती घटक हवेत ते पाहावे, आणि मग घराबाहेर पडावे. मक्त्याने वावर करणाऱ्यांविषयी काही म्हणायचे असेल आणि ते गावात १५ टक्के असतील, तर १२० च्या नमुन्यात ते अठराच येतील. अठरांवर त्रुटीची मर्यादा सुमारे २३ टक्के आहे. अशा वेळी सर्व नमुना वाढवीत बसण्यापेक्षा या गटाचा वेगळा स्तर करून त्यातून चाळीस घ्यावेत, आणि संपूर्ण गावाची टक्केवारी काढताना योग्य भार द्यावा.

लहान वाडीसाठी मात्र नमुना घेण्याचाच आग्रह सोडावा, असे म्हणण्यास जागा आहे. तक्ता २०० कुटुंबांसाठी १३२ मागतो. मग उरलेली ६८ तरी का सोडायची? या बाबतीत महाराष्ट्राची स्वतःची परंपरा आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला, त्यानंतर १९२१ मध्ये जातेगाव बुद्रुकचा. एकेकच गाव, पण पुरते पाहिलेले. पिंपळे सौदागरमधील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते ते १९१५ मध्ये ७ एकरांवर आले, हे त्यांचे निरीक्षण शंभर वर्षांनंतरही उद्धृत होते. त्या अभ्यासाला नमुन्याचा आकार विचारणारा परीक्षक भेटला असता तर उत्तर ‘एक’ असे आले असते. अर्थात एका गावावरून दख्खनविषयी किती बोलावे, हा प्रश्न त्या अभ्यासालाही लागू आहे. परंतु त्या गावाविषयी तो अभ्यास निःसंदिग्धपणे बोलू शकतो, आणि विद्यार्थ्याच्या प्रकल्पाकडून तेवढीच अपेक्षा रास्त आहे.

श्रमाचा हिशेब

चाळीस प्रश्नांची अनुसूची नीट भरून घेण्यास अर्धा तास लागतो. चालणे, घर शोधणे, पाणी-चहा नाकारणे किंवा स्वीकारणे, बंद घरी पुन्हा जाणे हे धरले तर नवशिका विद्यार्थी दिवसाकाठी पाच-सहा अनुसूची प्रामाणिकपणे भरू शकतो. बारा विद्यार्थ्यांचा गट दोन दिवस गावात राहिला तर १२० कुटुंबे होतात. अशा गटाकडे ३२२ चा आग्रह धरला की प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास सत्तावीस अनुसूची येतात. त्या भरल्या जात नाहीत असे नाही. त्या पारावर बसून, बसस्थानकावर किंवा वसतिगृहात भरल्या जातात.

बनावट अनुसूची ओळखणे अवघड नाही, पाहण्याची इच्छा हवी. खऱ्या अनुसूचींच्या गठ्ठ्यात ‘माहीत नाही’ असते, खाडाखोड असते, नकार असतो. ग्रामीण भागात सांगितलेली वये शून्य आणि पाच या अंकांवर गोळा होतात, हे भारतीय जनगणनेच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. ज्या गठ्ठ्यात चाळीस आणि पंचेचाळीस यांची गर्दी नाही, एकही प्रश्न अनुत्तरित नाही आणि प्रत्येक शेतकऱ्याला आपले वार्षिक उत्पन्न नेमके माहीत आहे, तो गठ्ठा संशयास्पद मानावयास हरकत नाही. विद्यार्थ्याच्या हातून हे घडते तेव्हा दोष त्याच्याकडे एकट्याकडे जात नाही. न झेपणारी संख्या मागणारा मार्गदर्शक आणि संख्या पाहून गुण देणारा परीक्षक यांनी त्याला हे एक कौशल्य नकळत शिकविलेले असते. वीस वर्षांच्या मुलाने आपल्या आयुष्यातील पहिले संशोधन खोट्या आकड्यांनी सुरू करावे, एवढी किंमत तक्त्यातील एका ओळीसाठी मोजली जात आहे.

त्यात आणखी भाषेची अडचण आहे. छापील अनुसूची ‘सिंचनाचा स्रोत’, ‘जमीनधारणा’, ‘पूरक व्यवसाय’ अशा शब्दांत विचारते. उत्तरदाता वावर, ओलीत, मक्ता आणि शेळ्या यांविषयी बोलतो. घरी दोन शेळ्या असूनही ‘पूरक व्यवसाय नाही’ असे उत्तर नोंदले जाते. ही चूक नमुन्याची नाही, मोजमापाची आहे. ती ५० जणांत जितकी असते तितकीच ५०० जणांत असते. सर्वेक्षणापूर्वी दहा घरी अनुसूची चालवून पाहणे आणि नंतर दर दहापैकी एका घरी दुसऱ्या विद्यार्थ्याने पुन्हा जाऊन चार प्रश्न विचारणे, या दोन गोष्टींनी जेवढी शुद्धता येते तेवढी आणखी दोनशे अनुसूचींनी येणार नाही.

वरील हिशेब धाडला लावून पाहता येईल. गावात २,००० कुटुंबे आहेत असे केवळ उदाहरणापुरते धरू. अंगणवाडीच्या नोंदवह्यांवरून वस्त्यांची यादी करावी, वीस गल्ल्या चिठ्ठ्यांनी निवडाव्यात, प्रत्येक गल्लीत ठराविक अंतराने सहा चुली घ्याव्यात. अंतर्गत सहसंबंध ०.१ धरला तर १२० चुलींचे मोल ८० इतके राहते आणि त्रुटीची मर्यादा सुमारे ११ टक्के येते. अहवालाच्या पद्धतिशास्त्रात मग असा परिच्छेद येईल : ‘निवडलेल्या १२० चुलींपैकी अमुक घरे दोन भेटींतही बंद आढळली, त्यांपैकी अमुक कुटुंबे कामासाठी बाहेरगावी असल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले, अमुक जणांनी नकार दिला. बंद घरांच्या जागी दुसरी घरे घेतलेली नाहीत. टक्केवारीत दोन्ही बाजूंना सुमारे ११ टक्क्यांची त्रुटी संभवते, त्यामुळे गल्लीनिहाय तुलना केलेली नाही.’

अशा परिच्छेदाला आजच्या गुणदानात बहुधा वेगळे स्थान नसते. क्षेत्र प्रकल्पाचे मूल्यमापन नव्याने आखले जात असताना भूगोलाच्या अभ्यास मंडळांनी प्रकल्पाच्या गुणांपैकी पाच गुण नमुना चौकट, निवडीची रीत आणि प्रतिसाद न मिळालेल्या घरांच्या नोंदीसाठी राखून ठेवले, आणि किमान उत्तरदात्यांची अट काढून टाकली, तर मार्गदर्शक अध्यापकाला सर्वेक्षणाच्या पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांबरोबर अंगणवाडीच्या दारात उभे राहावे लागेल.